हिरव्या पट्ट्यातली सुई

मीटर मी निवडला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी चांगला माणूस समजायला नको. ज्योतीराम ओव्हाळच्या हातात दुसरा मीटर होता, त्याला तोच पसंत होता, आणि तो मी त्याला परत फळीवर ठेवायला लावला. मी सयाजी, मॅट्रिक पास, कंपनीच्या टूलरूममध्ये लेथवर टर्नर, इंग्रजी ड्रॉइंग वाचणारा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं गुंडसुद्धा करत नाही, असं आता माझं मत आहे.

ज्योतीरामचं शेड भोसरीच्या पुढे, नाशिक रस्त्याला लागून. वर पत्रे, मागे बाभळी, पुढे तेल पिऊन काळी झालेली जमीन. पाटी नव्हती, लागतही नव्हती. खडकीपासून चाकणपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरला विचारा की गाडी ओढत नाही, काय करू, तर तो सांगायचा, ‘कानवाल्याकडे ने.’

कानवाला म्हणजे ज्योतीराम. बासष्ट साली मावळातल्या एका खेड्यातून पिंपरीला आला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. आठ वर्षं त्यानं एका कारखान्यात लोखंड ठोकणाऱ्या मोठ्या हातोड्यांच्या खात्यात काढली. संध्याकाळी खडकीला एका म्हाताऱ्या मिलिटरी मेकॅनिककडे जाऊन फुकट राबायचा आणि गाड्या लावायला, म्हणजे त्यांची इंजिनं जुळवायला, शिकायचा. त्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. सत्तर साली नोकरी सोडून त्यानं शेड टाकलं, तेव्हा मी त्याला मूर्ख म्हणालो होतो. वर्षभरात मूर्ख कोण ते कळलं.

गाडी आली की तो बॉनेट उघडायचा नाही. गाडीकडे पाठ करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘चालू कर.’ मग अर्ध्या मिनिटात हात वर. ‘तिसऱ्याचा वॉल्व्ह बसत न्हाई.’ उघडून बघावं तर तिसऱ्याच सिलिंडरचा. एकदा आम्ही शेडसमोर चहा पीत बसलो होतो. हा एकदम म्हणाला, ‘उद्धवरावांची अँबेसिडर मोशीकडनं येतीय. भिवानं गिअर उशिरा टाकला बघ.’ मला रस्त्यावर नुसती धूळ दिसत होती. थोड्या वेळानं उद्धवरावांची, म्हणजे शेडच्या जुन्या गिऱ्हाइकाची, अँबेसिडर आली आणि आत त्यांचा ड्रायव्हर भिवा बसलेला. मी त्याला गिअरचं विचारलं तर तो ओशाळून हसला.

कारचं इंजिन लावणं म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. इंजिनाला पेट्रोल लागतं आणि हवा लागते, दोन्हींचं प्रमाण जमावं लागतं. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर आणि खिशाला भोक. पेट्रोल कमी झालं तर ते जास्त वाईट. इंजिन आतून तापतं, वॉल्व्ह जळतात, आणि कधीकधी आतली आग उलटी फिरून, हवा-पेट्रोल जिथं मिसळतं त्या कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते. उस्तादाची शिकवण अशी की आधी इंजिनाला उपाशी ठेवायचं. पेट्रोलचा स्क्रू आवळत न्यायचा, इंजिन मरायला टेकलं की मग थोडा थोडा सोडत यायचं. पोट भरलं की इंजिन स्वतः सांगतं. ज्योतीरामनं शेकडो गाड्या अशाच लावल्या, कमीकडून सुरू करून, कानानं.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच्या गिऱ्हाइकांत अशी माणसं होती जी ‘जयभीम’ला नुसती मान हलवायची, आणि त्याच्या बायकोनं, विमलवहिनींनी, पाणी आणलं तर ‘आताच प्यालो’ म्हणायची. हीच माणसं कानासाठी तासतास उन्हात उभी राहायची. मला त्यांचा राग यायचा. ज्योतीरामला यायचा की नाही कोण जाणे. तो एवढंच म्हणायचा, ‘कान हाय तोवर येतील.’

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल एवढं महागलं की मोटारवाले एकमेकांना तब्येतीऐवजी ॲव्हरेज विचारायला लागले. शेडपुढे रांग लागली. आणि नेमकं त्याच वर्षी मला ते कळलं.

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. एका गुरुवारी दुपारी मी शेडवर गेलो आणि मागून त्याला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तो एका फियाटवर वाकला होता. जवळ जाऊन बघतो तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलेलं आणि मूठ दातात धरलेली. मेकॅनिक ती मूठ कानाला लावतात, हे मला ठाऊक होतं. दातात धरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. माझी सावली पडली तेव्हा तो दचकला.

“दातात काय धरलंयस?” मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

“कानातनं येत न्हाई आता,” तो म्हणाला. “दातातनं थोडं येतं.”

“कधीपासून?”

“डावा नोकरीतच गेला. हातोड्यानं खाल्ला. उजवा दोन वर्सं झाली, वाटंला लागलाय. डाक्टरला दावलं. त्यो म्हणाला, येत न्हाई परत. तोंड समोर असलं की वटावरनं वळखतो मी.” मग माझा दंड धरून म्हणाला, “विमलला ठावं न्हाई. कुणालाच न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, सयाजीराव. उघडली की मी संपलो.”

मला त्याच्यासाठी भीती वाटली, हे खरं. पण एवढ्या मोठ्या गुपिताचा धनी मी एकटाच, याचं मला सुखही झालं. ते तेव्हा कबूल केलं नसतं, आता करतो.

“मला मीटर पायजे,” तो म्हणाला. “कानाबिगर, डोळ्यानं गाडी लावायची. डोळे शाबूत हायत अजून.”

पुढच्या गुरुवारी आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक शेठ होता. त्याच्याकडे दोन मीटर निघाले. पहिला साधा, घड्याळाएवढा. त्याची नळी इंजिनाला जोडायची आणि इंजिन आत हवा किती जोरानं ओढतं ते सुई दाखवायची. शेठची फियाट दारातच होती. ज्योतीरामनं नळी जोडली, गाडी चालू केली. सुई एका जागी ठाम उभी. मग त्यानं एका प्लगची वायर उपटली. सुई थरथरायला लागली, म्हाताऱ्याच्या हातासारखी. ज्योतीरामचा चेहरा बदलला.

“बघ, बघ. इंजिन चुकतंय ते दिसतंय रे. ही सुई बोलती.”

दुसरा मीटर म्हणजे लोखंडी पेटी होती, वर मोठी काच. परदेशी माल, कुठलंसं वर्कशॉप बंद पडल्यावर आलेला. त्याची लांब नळी सायलेन्सरमध्ये खुपसायची. धुरावरून तो हवा-पेट्रोलचं प्रमाणच सांगायचा. काचेखाली आकडे आणि त्यात एक हिरवा पट्टा. सुई हिरव्यात आली की प्रमाण बरोबर. सोबत चार पानांचं इंग्रजी माहितीपत्रक. ते मी दुकानात उभ्या उभ्या चाळलं, शेठकडे बघत, म्हणजे मला वाचता येतं हे त्यालाही दिसावं.

“हा घे,” मी म्हणालो.

“ह्यो लहान बरा वाटतोय रे. हाताला पटतोय.”

“अरे, असला घड्याळमीटर कुणीही घेईल. त्यात प्रमाण कुठंय? सुई थरथरली म्हणजे काय झालं ते गिऱ्हाइकाला तूच समजावणार ना? म्हणजे तो विचारणार आणि तू ऐकणार. हा मीटर दाखवला की संपलं. सुई हिरव्यात. बोलणंच नको.”

“बोलणंच नको,” तो हळूच म्हणाला. त्या दोन शब्दांनी मी त्याला जिंकला. त्यानं लहान मीटर फळीवर ठेवला, एकदा बोटानं त्याची काच पुसली, आणि आम्ही पेटी उचलली.

परतीच्या बसची वाट बघत बाकावर बसून मी त्याला माहितीपत्रक वाचून दाखवलं, तोंड त्याच्यासमोर धरून. नळी कशी लावायची, पेटी किती वेळ गरम होऊ द्यायची, शून्य कसं जुळवायचं, सगळं. तिसऱ्या पानावर चौकटीत एक परिच्छेद होता. त्यात एक शब्द एवढा लांब की मी दोनदा अडखळलो. बाकीचे शब्द ओळखीचे होते, पण वाक्याला शेंडाबुडखा सापडेना.

“हे चौकटीतलं काय?” त्यानं विचारलं. चौकट काही उगाच नसते, हे त्याला न शिकताही कळत होतं.

“ते आपलं नेहमीचं. सांभाळून वापरा, वगैरे,” मी म्हणालो. “बाकी तेच.”

सगळं मराठीत उतरवून देतो म्हणून माहितीपत्रक मी घरी नेलं. ते ट्रंकेत जाऊन पडलं.

पुढचे चार महिने शेडवर जत्रा होती. लोक गाडीमागे उकिडवे बसून सुई बघायचे. ज्योतीराम आपल्या सवयीप्रमाणे कमीकडून सुरू करायचा. आधी सगळ्यात बारीक जेट घालायचा. जेट म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं ते पितळी बूच. स्क्रू आवळलेला. सुई हिरव्याच्या खाली. मग स्क्रू सोडत यायचं, सुई चढत यायची, आणि हिरव्याच्या कडेला लागली की हा थांबायचा. बोट काचेवर टेकवून गिऱ्हाइकाकडे बघायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं. ॲव्हरेज खरोखरच वाढलं. चाकणचा एक कांद्याचा व्यापारी तर पेढे घेऊन आला, आणि त्या दिवशी पाणीही प्यायला. मी शेडवर असा वावरायचो जणू मीटर मीच बनवला आहे.

आता मागे बघताना एकेक गोष्ट दिसते. विमलवहिनी ज्योतीरामशी बोलायच्या तेव्हा आधी त्याच्या समोर येऊन उभ्या राहायच्या, मग बोलायच्या. मी म्हणायचो, काय वळण आहे बाईला. ड्रायव्हर लोक त्याच्याशी बोलताना हातवारे करायचे. मला वाटायचं, ड्रायव्हरच ते, हात हलवणारच.

पावसाळा संपता संपता मी शेडवर बसलो असताना त्याच्या ताटलीत काढलेले प्लग पाहिले. गाडी नीट लागली असेल तर प्लगचं टोक तपकिरी असतं, भाकरीला पडलेल्या डागासारखं. हे ज्योतीरामनंच मला शिकवलं होतं. ताटलीतले चारही प्लग पांढरेफटक होते.

“असे कसे रे पांढरे?”

“पेट्रोल कमी जळतं ना आता,” तो म्हणाला. “मीटरचा गुण.”

त्याच दिवशी भिवा अँबेसिडर घेऊन आला. समोर उभा राहून, हातानं चढ दाखवत म्हणाला, “ज्योतीरामभाऊ, मोशीच्या चढाला ओढत न्हाई गाडी. दम लागतोय तिला.” ज्योतीरामनं पेटी लावली, सुई हिरव्यात आणली आणि काचेवर बोट ठेवलं. भिवानं सुई पाहिली. ज्योतीराम पाठ फिरवून हात पुसत असताना अँबेसिडरचा कार्बोरेटर खोकला. फट्, फट्, असा दोनदा, चांगला मोठ्यानं. बाभळीवरचे कावळे उडाले. ज्योतीरामनं मान वळवली नाही. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला.

भिवानं माझ्याकडे पाहिलं. मी सायकलच्या साखळीकडे पाहिलं. मग भिवा गाडी घेऊन गेला आणि मी घरी गेलो.

ट्रंकेतून माहितीपत्रक काढलं. चौकट पुन्हा वाचली, पुन्हा कळली नाही. शनिवारी ती कंपनीत नेली आणि आमच्या साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एका दमात वाचली.

“हा मीटर कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं.

“एक ओळखीचे आहेत.”

“मग त्यांना सांगा. पेट्रोल जास्त ठेवूनच सुरू करायचं आणि कमी करत यायचं. या जातीच्या मीटरची सुई हिरव्यातून दोनदा जाते. पेट्रोल फार कमी असतं तेव्हा एकदा, आणि प्रमाण बरोबर येतं तेव्हा एकदा. मधे ती वर जाऊन परत फिरते. कमीकडून येणाऱ्याला पहिलं हिरवं भेटतं ते खोटं. तिथं थांबला तर इंजिन जाळेल. तोंडही भाजून घेईल.”

मी ‘हो साहेब’ म्हणालो. लेथवर गेलो आणि दिवसभरात दोन जॉब बिघडवले. कान असता तर ज्योतीराम पहिल्या हिरव्यात थांबलाच नसता. इंजिनाचं पोट भरलेलं नाही हे त्याला पाठ करूनही कळलं असतं. उस्तादाची शिकवण बरोबर होती, मीटरही बरोबर होता. दोघांच्या मधे वाचून दाखवणारा मी होतो.

त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. शेडवर चार माणसं असतात, गुरुवारी निवांत सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. थाप होती ती. ओठांवरून ओळखणाऱ्या माणसाला भर बाजारातही आवाज न काढता सांगता येतं. पण सांगायचं म्हणजे ‘मला ते इंग्रजी कळलं नव्हतं’ हे वाक्य म्हणायला लागणार होतं. रविवारी मी ते आरशापुढे म्हणून पाहिलं. सोमवारी पाऊस होता. मंगळवारी बायकोनं रेशनला पाठवलं. माणसाला काम टाळायचं असलं की सगळं जग मदतीला येतं.

बुधवारी दुपारी एका फियाटचा एअर फिल्टर काढून ज्योतीराम कार्बोरेटरवर वाकला होता. स्क्रूड्रायव्हर दातात, तोंड इंजिनावर. भिवा पलीकडे उभा होता. इंजिन खोकलं. कान असलेला कुणीही माणूस पहिल्या खोकल्याला मागे सरतो. भिवा ओरडला, “तोंड काढा, भाऊ!” दुसऱ्या खोकल्याबरोबर कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ आला. भिवानं ओलं पोतं टाकून आग विझवली आणि त्याच अँबेसिडरमधून त्याला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला. उजवा राहिला, पण ते नंतर कळलं. तेव्हा दोन्हींवर पट्ट्या होत्या.

निरोप कारखान्यात आला आणि मी शिफ्ट सुटल्यावर थेट दवाखान्यात पोचलो. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, भेटायला आलेल्यांची गर्दी. विमलवहिनी खाटेशी बसल्या होत्या. ज्योतीरामच्या चेहऱ्याला मलम, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. मी त्याचा हात धरला. त्यानं बोटं चाचपली, लेथवरचे घट्टे ओळखले.

“सयाजी?” तो मोठ्यानं म्हणाला. “सुई हिरव्यात हुती रे. मी बघितली हुती. मंग कसं झालं?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याला ओठ दिसत नव्हते. आता त्याला काही सांगायचं तर उजव्या कानाशी तोंड नेऊन, जीव खाऊन ओरडायलाच हवं होतं. आणि वॉर्डात चाळीस माणसं होती.

मी वाकलो. “मीटर दोनदा हिरव्यात येतो!”

“काय?”

“दोनदा! पहिलं हिरवं खोटं! ते चौकटीत लिहिलं होतं! मला वाचता आलं नाही! मी खोटं बोललो!”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. परिचारिका लगबगीनं आली. “आणि मला शनिवारीच कळलं होतं!” मी ओरडलो. “शनिवारी! मी आलो नाही!”

तो शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, “गाड्या किती?”

मला कळेना.

“मीटरनं लावलेल्या. त्या चालत्यात न्हवं रस्त्यावर? बाया-पोरं बसत्यात त्यात. मोज.” आणि त्यानं बोटांवर सांगायला सुरुवात केली. चाकणच्या कांदेवाल्याची, चिंचवडच्या डॉक्टरांची, मास्तरांची जुनी हिलमन. जेटचा नंबर, स्क्रूचे आटे, सगळं तोंडपाठ. ॲव्हरेज नको, ओढ हवी म्हणून ज्यांनी जुनं जेट परत घालून घेतलं होतं ते सोडून अकरा गाड्या निघाल्या. “घरोघर जा. म्हणावं, जुनं जेट घाला, तोवर चालवू नका. का इचारलं तर खरं सांग. ज्योतीरामला ऐकू येत न्हवतं, म्हणावं.”

“मूठ उघडेल,” मी त्याच्या कानात ओरडलो. माझ्या गाढवपणाला तोड नव्हती, कारण ते चाळीस माणसांनी ऐकलं.

“उघडू दे,” तो म्हणाला. “जा तू.”

दोन दिवस सायकलवर हिंडलो. गुरुवारची सुट्टी आणि शुक्रवारची रजा. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि आभार मानले. कांदेवाला म्हणाला, “बहिऱ्याच्या हातात गाडी दिली होय आम्ही?” त्याला मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. एकाच्या गाडीचे दोन वॉल्व्ह जळून गेले होते. मास्तरांना आपल्या गाडीतून संध्याकाळी मुलीला सासरी पोचवायचं होतं; त्यांनी बांधलेलं सामान उतरवलं आणि बसनं गेले.

शेवटची अँबेसिडर. ती आळंदीला सापडली, इंद्रायणीच्या काठावर. उद्धवराव देवळात गेले होते आणि भिवा बॉनेटला टेकून उभा होता. हाताला पोत्यानं आग विझवताना भाजल्याच्या खुणा. मी त्याला जेटचं सांगायला लागलो तर त्यानं मधेच थांबवलं.

“म्या दुसऱ्याच दिवशी जुनं घातलंय. ह्या गाडीला कायबी न्हाई.”

“म्हणजे तुला कळलं होतं?”

“चढाला ओढंना, कारबोरेटर खोकतोय. ड्रायवर हाय मी, सयाजीराव.”

“मग त्याला सांगितलं का नाहीस?”

भिवानं नदीकडे पाहिलं. “काय सांगू? त्यो खोकला त्याला ऐकू न्हाई गेला, हे सांगू? त्यो बहिरा झालाय हे साऱ्या ड्रायवर लोकांना ठावं हाय. दोन वर्सं झाली. आमी आपलं समोर जाऊन बोलायचो, हातानं दावायचो. पोरांनासुदिक ताकीद दिलेली, भाऊंना मागनं हाक मारायची न्हाई. त्याला वाटायचं कुणाला ठावं न्हाई. वाटू द्यावं म्हटलं. त्या मीटरवर किती खूस हुता त्यो. कुणी मोडायचं?”

मला त्याचा इतका राग आला की मी हात उचलला होता. मग लक्षात आलं की साखळीकडे मान घालणारा मीच होतो, आणि हात खाली आला.

संध्याकाळी वॉर्डात परत गेलो. अकराच्या अकरा सापडल्या, कुणाला इजा नाही, हे त्याच्या कानात ओरडून सांगितलं. त्यानं सुस्कारा टाकला. मग हळू आवाजात, म्हणजे त्याला हळू वाटणाऱ्या आवाजात, विचारलं, “कानाचं कळल्यावर काय म्हणाले?”

मी विमलवहिनींकडे पाहिलं. खोटं बोलायला मी तयार होतो. त्यांनी मान हलवली. “खरं सांगा, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मलाबी पयल्यापासनं ठावं हाय. मला काय दिसत न्हवतं व्हय?”

मी वाकलो आणि ओरडलो, “सगळ्यांना ठाऊक होतं! आधीपासून! ड्रायव्हरांना, वहिनींना, सगळ्यांना!”

ज्योतीराम हलला नाही. पट्ट्यांमुळे त्याच्या तोंडावर काय आहे ते दिसत नव्हतं.

“मी झाकलं, मला लाज वाटायची,” तो म्हणाला. “तुमाला कसली लाज हुती? एकानं तरी म्हणायचं हुतं, ज्योत्या, तुला ऐकू येत न्हाई. मंग मीटर कशाला लागला असता? भिवाला शेजारी उबा केला असता. त्याचे कान, माझे हात. गाडी लावली असती.”

विमलवहिनींनी पदर तोंडाला लावला. शेजारचा म्हातारा भिंतीकडे वळून झोपला. ज्योतीरामनं उजवा कान माझ्या बाजूला केला आणि उत्तराची वाट बघत राहिला. मी तोंड त्याच्या कानाशी नेलं, श्वास भरून घेतला, आणि तसाच उभा राहिलो.